लारी

आमच्याकडे लाऱ्या दोन.
एक सड्यावरून चिरे भरून उतरते,
वळणावर हॉर्न मारते.
दुसरी चिमटीत मावते: चांदीची तार, मधोमध दुमडलेली,
बाईच्या केसातल्या आकड्याएवढी,
दोन्ही अंगांवर ठसा.
कधीकाळी दाभोळच्या बंदरात म्हणे तिच्यावर घोडे यायचे.

दुसरी सापडली पहिलीला वाट करताना.
जेसीबी खाणीवरची माती ओढत होता,
मागे फावडं घेऊन यमनप्पा, तालुका इंडी, जिल्हा विजापूर.
मडकं फुटल्याचा आवाजसुद्धा झाला नाही, म्हणाला,
फावडं एकदा खाली गेलं
आणि जळक्या काड्यांसारखं काळं काहीतरी सांडलं.

दोनशे चौदा.
त्याला वाटलं गळ, कुणा खारव्याचे.
त्याला कोण सांगणार
की तारेवरचा सुलतान त्याच्याच जिल्ह्याचा,
की इतक्या लांब येऊन त्याने
गाववाल्यालाच उकरलंय.

ठसा मोठा, तार बारीक.
एका लारीवर नाव पुरं बसत नाही.
हिच्यावर अक्षराची शेपटी, तिच्यावर दोन नुक्ते,
एखादीवर साल, तेही शेवटचा आकडा सोडून.
शेवड्यांनी माझ्या टेबलावर त्या मांडल्या,
सरकवत, बदलत, पत्ते लावावेत तशा,
तेव्हा बाविसाव्या लारीला सुलतान पुरा झाला.
मी पाहिला.
चहा निवेपर्यंत होता.
मग त्यांनी बारा-बाराच्या पुड्या बांधल्या.
उरलेल्या दहा वजनावर गेल्या, मुशीत.

"तहसीलदाराला कळवायचं असतं," मी म्हटलं.
"कळवू की," ते म्हणाले,
"आधी तुमचं अक्षर दाखवा."

माझं अक्षर चांगलं आहे. सोसायटीचं दप्तर मीच लिहितो.
जुन्या वहीतलं कोरं पान, शाईत चमचाभर चहा:
'सदर लाऱ्या सन १९३० पूर्वीपासून
आमच्या घराण्यात असून...'
खाली नाव हवं होतं. आजोबांचं घातलं.
मेलेला माणूस उलटतपासणीला येत नाही.

आजोबा म्हणजे सुडकू लखू पालशेतकर.
जगावा म्हणून चिंधीचं नाव दिलेलं पोर.
जन्मभर धोपाव्याच्या तरीवर वल्हं मारलं.
उतारूकडे सुट्टे नसले की म्हणायचा,
"येताना दे."
येताना बरेचजण दुसऱ्या तरीने यायचे.
चांदी त्याने एकदाच नीट हातात धरली,
आजीचे वाळे गहाण टाकायला नेताना.

काल टपालाने लिलावाचा कॅटलॉग आला.
गुळगुळीत कागद, माशाच्या पोटासारखा.
लॉट एकशे सहा, बारा नग.
'मूळ संग्रह: कै. एस. एल. पालशेतकर, दाभोळ.
कोकणातील एक जाणकार व निःस्पृह संग्राहक.
वारसांकडून प्राप्त.'

निःस्पृह. तेवढं मात्र खरं.

वारस म्हणजे मी. मला अठरा हजार.
यमनप्पाला चार, आणि शिमग्याआधी गावी जायचं भाडं.
तो परत आला नाही.
खाणीत आता पाणी आहे, पोरं डुंबतात.
मडक्याच्या खापऱ्या कुठल्या ट्रॉलीतून
कुणाच्या जोत्याच्या भरावात गेल्या, कोण जाणे.
लॉटमध्ये खापऱ्या धरत नाहीत.

रात्री भिंग घेऊन बसलो.
बाराही फोटो पाहिले. शेपट्या, नुक्ते,
एक अर्धवट वळण, कशातच सुलतान नाही.
तो सतरा पुड्यांत वाटला गेलाय,
कुणी लंडनला, कुणी सुरतेला, कुणी लॉकरमध्ये,
आणि त्या सतराजणांची
एकमेकांशी ओळख होईल असं काही
माझ्या सुंदर अक्षरात लिहिलेलं नाही.

फक्त सातव्या लारीवर, दुमडीपाशी,
एक तिरका घाव, चकचकीत.
खाली बारीक टाइपात:
'तत्कालीन सराफाची परखखूण.'

ते यमनप्पाचं फावडं आहे.
अख्ख्या लॉटमध्ये तेवढा एकच ठसा
पुरा बसलाय.